पेटीतली फूट

सुगराबीला बसायला सांगितलं तर ती बसायची, पण तिचे हात बसत नसत. समोर सुतळीचा तुकडा पडलेला असला की त्याची वेणी व्हायची, रिकामी काडेपेटी असली की तिचा खण व्हायचा. पिंपळगाव राजात मशिदीच्या मागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं मातीचं घर होतं. शोभेसाठी म्हणून विकत आणलेली एकही वस्तू त्या घरात नव्हती, तरी गल्लीतल्या बाया नव्या सुनेला घेऊन ते घर दाखवायला यायच्या.

कापडाच्या ठाणांवर गिरणीवाले चित्रांची रंगीत टिकिटं चिकटवतात. खामगावचा एक कापडवाला ठाण उघडलं की ती फाडून टाकायचा. सुगराबीनं नवऱ्याकरवी त्याला निरोप धाडला होता की फाडू नका, पाणी लावून सोडवा. अशी चाळीसेक टिकिटं तिच्या भिंतीवर भाताच्या पेजेनं डकवलेली होती, त्यात हत्ती होते, वाघ होते, खुर्चीवर बसलेल्या राण्या होत्या. घासलेटच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून तिनं दिव्यावर घालायचं टोपण केलं होतं. गोणपाटावर जुन्या लुगड्यांचे काठ शिवून बसायच्या पट्ट्या केल्या होत्या. आणि हे सगळं दर पंधरवड्याला जागा बदलायचं.

"अगे, घर हाये का जत्रा?" तिचा नवरा वाहेद म्हणायचा. "कालच्या खुंटीवर टोपी टांगाले गेलो तं तिथं हत्ती."

"तुमी आठ दिवस बाहेर असता. मले ह्याच भिंती पाहाव्या लागतात," ती म्हणायची.

घरात उर्दू, बाहेर वऱ्हाडी आणि भांडणात दोन्ही, अशी त्यांची बोली होती.

वाहेद मणियार होता. तट्टावर बांगड्यांच्या पेट्या लादून तो वडनेर भोलजी, नांदुरा असे बाजार करायचा आणि गावातल्या घरांमध्ये बाया-पोरींना बांगड्या भरायचं काम सुगराबीकडे होतं. काच दूर उत्तर हिंदुस्थानातून आगगाडीनं यायची, पेंढ्यात बांधलेली. पेटी उघडली की तळाशी थोडे तुकडे निघायचेच. त्याला ते दोघं पेटीतली फूट म्हणत. दुसरे मणियार ती उकिरड्यावर टाकत. सुगराबी ती डब्यात साठवायची.

या फुटीचं काय करायचं ते तिनं सोनाराच्या दुकानासमोर उभं राहून शोधलं होतं. सोनार दिव्याच्या वातीवर नळीनं फुंकर घालतो तेव्हा ज्योत आडवी होते आणि धातू नरम पडतो. तिनं मोडक्या छत्रीच्या दांड्याची नळी कापून घेतली. करडीच्या तेलाचा दिवा लावला, बांगडीचा तुकडा चिमट्यात धरला आणि फुंकत राहिली. काच पिवळसर झाली, मऊ पडली, आणि तिनं दोन टोकं जोडून छोटी कडी केली. त्या कडीत दुसरी, दुसरीत तिसरी. असं करत काचेची साखळी झाली. पंचवीस साखळ्या एका बांबूच्या काडीला बांधल्या तेव्हा तिच्या दारावर असं तोरण लागलं की वारा आला की घर बोलायचं.

लढाईचं तिसरं-चौथं वर्ष असेल. कागद मिळेनासा झाला होता, घासलेट चिठ्ठीवर मिळत होतं, आगगाडीचे डबे फौजेच्या कामी लागले होते. बांगड्यांच्या पेट्या कमी यायच्या आणि ज्या यायच्या त्यात फूटच जास्त असायची. अशातच भगवानराव पाटलांच्या घरून सुगराबीला बोलावणं आलं. पाटलांच्या विमलचं लग्न माघात ठरलं होतं. खामगावाहून झिलईचा कागद आला नव्हता, पताका नव्हत्या, झालर नव्हती.

विमलची आई वच्छलाबाई ओसरीवर बसली होती. दीड वर्षापूर्वी तिचा थोरला मुलगा रामराव धनुर्वातानं गेला होता. नांगराचा फाळ पायाला लागला, आठ दिवसांत सगळं संपलं. तेव्हापासून त्या घरात मोठ्यानं कोणी हसलेलं नव्हतं, आणि आता लग्न करायचं होतं.

"सुगराबी, मांडव उघडा बोडका दिसन," वच्छलाबाई म्हणाली. "एकच पोरगी हाये. तुया दारावर थे काचेचं हाये, तसं करून देतं का? मोठं. मांडवाच्या तोंडाले."

सुगराबी लगेच हो म्हणाली नाही. "पाटलीनबाई, थे फुटीचं हाये. तुमच्यात चालन का?"

हातातली बांगडी फुटली तरी त्या घरात कोणी फुटली म्हणत नसे, वाढली म्हणत.

"कोनाच्या हातातली हाये का?" वच्छलाबाईनं विचारलं.

"नाही. पेटीतली फूट. कोनाच्या मनगटाले लागलीच नाही. जशी खडूची कांडी मोडावी तशी."

"मंग कर."

तेल पाटलांचं, म्हणून काम पाटलांच्या घरी. गोठ्याजवळच्या पडवीत सुगराबी सकाळचा स्वयंपाक उरकून यायची आणि दिवस मावळायच्या आत घरी जायची. तिथं तिला तेल आणून द्यायचं काम रामरावच्या विधवेकडे होतं. तिचं नाव कोकिळा. वय एकोणीस. लग्नाच्या घरात पुढच्या दारानं तिनं यायचं नाही, हळदीच्या भांड्याला हात लावायचा नाही, असं कोणी तिला बोलून दाखवलं नव्हतं. सांगायची गरजही पडली नव्हती. भगवानरावांची थोरली बहीण मनकर्णाबाई स्वतः नऊ वर्षांची असताना विधवा झालेली होती, आणि घरातल्या शकुन-अपशकुनाची सगळी व्यवस्था तिच्या हाती होती.

कोकिळा तेल ठेवायची आणि जायची नाही. खांबाला टेकून काच मऊ होताना पाहायची. सुगराबीच्या तोंडात नळी असल्यामुळे बोलणं व्हायचं नाही. पाच-सहा दिवस असेच गेले.

मग एका दुपारी कोकिळानं पदराची गाठ सोडली आणि फडक्याची एक लहान पुरचुंडी सुगराबीसमोर ठेवली. आत हिरव्या काचेचे सात तुकडे होते.

सुगराबीनं नळी तोंडातून काढली. ती काच तिनं ओळखली. तीन वर्षांपूर्वी तिनं स्वतः या पोरीच्या हातात ती भरली होती, आणि हात कडक म्हणून साबण लावावा लागला होता.

"हे तुयाजोळ कसे राह्यले?"

"खाली पडले होते. मी पायाखाली धरून ठेवले. कोनाले दिसलं नाही." कोकिळा जमिनीकडे बघून बोलत होती. "चाची, मले पाहवत बी नाहीत अन् फेकवत बी नाहीत. तुमी यायले तोरणात घाला."

"येडी झाली का तू?"

"त्यायची बहीण हाये विमल. त्यायनं तिले खांद्यावर बसवून शायेत नेली. मी त मांडवात येऊ शकत नाही. त्यायचं काहीच नसन का तिथं?"

"पोरी, मले पाटलीनबाईनं इचारलं होतं. मी जबान देली हाये."

कोकिळानं पुरचुंडी तिथंच ठेवून तेलाचं रिकामं भांडं उचललं आणि ती आत निघून गेली.

सुगराबीनं पुरचुंडी बांधून बाजूला सरकवली. दुसरं काम केलं. लाल साखळी पुरी केली. पुन्हा पुरचुंडीकडे पाहिलं. ती परत करायची तर पोरीच्या समोर उभं राहून करावी लागणार होती. उकिरड्यावर टाकायची तर ते काम ज्यांनी ही काच फोडली त्यांच्यासारखंच होणार होतं. तिनं उठून पाणी प्यायलं, गोठ्यातल्या वासराला उगाच दुसऱ्या खुंट्याला बांधलं, परत येऊन बसली. मग तिनं नळी तोंडात धरली आणि ते सात तुकडे एकामागून एक भराभर ज्योतीवर धरले, कोणी पाठीमागून येत असल्यासारखे. सात कड्या झाल्या. हिरव्या साखळ्या आठ होत्या, त्यात तिनं त्या कुठं कुठं गुंफल्या.

घरी गेल्यावर तिला कळलं की आपण काय केलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर पाटलांकडे गेली आणि हिरव्या साखळ्या खाली उतरवून त्या सात कड्या शोधू लागली. सापडेनात. काच त्याच कारखान्याची, त्याच हिरव्याची. आगीतून निघाल्यावर कोणती पेटीतली आणि कोणती हातातली हे सांगणारी खूणच राहिली नव्हती. तिनं उन्हात धरून पाहिल्या. राखेनं घासून पाहिल्या. आठही साखळ्या बदलायच्या तर हिरवी फूट उरली नव्हती, आणि लग्न चार दिवसांवर आलं होतं.

त्या चार दिवसांत तिनं स्वतःच्या घराची तीनदा मांडामांड केली. टिकिटं सोडवून पुन्हा लावली. गोणपाटाच्या पट्ट्या उसवून पुन्हा शिवल्या. वाहेद बाजारातून आला तेव्हा चूल दाराशी होती.

"तब्येत बरी हाये ना तुई?" त्यानं विचारलं.

"बरी हाये."

"मंग चूल काऊन चालून राह्यली?"

तिनं त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता की जाऊन कबूल कर, आणि तिला ते करायचं नव्हतं, कारण मग कोकिळाचं नाव निघालं असतं.

लग्नाच्या सकाळी तोरण मांडवाच्या तोंडावर चढलं. बारा हात लांब, लाल, हिरवं, पिवळं, मधूनमधून सोनेरी ठिपक्यांची काच. कागदाची झालर असती तर तिच्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नसतं. इथं आलेला प्रत्येक जण उंबऱ्याशी थांबत होता. ऊन वर आलं तसे रंग जमिनीवर पडले आणि पोरं त्या रंगांवर उड्या मारू लागली.

मनकर्णाबाई काठी टेकत बाहेर आली. तिनं तोरणाकडे बराच वेळ पाहिलं. मग सुगराबीला जवळ बोलावलं.

"हे बांगड्याईचं हाये म्हणतात."

"हो, आत्याबाई."

"कोनाच्या?"

"पेटीतली फूट हाये."

"सारीच?" म्हातारीनं डोळे बारीक केले. "एक बी हातातली नाही? सांग बरं. शुभकार्य हाये. मांग एका घरी असंच झालं होतं, म्हणून इचारून राह्यली."

मांडवात दहा-बारा बाया होत्या. वच्छलाबाई तांदळाचं सूप घेऊन उभी होती. सुगराबीनं तिच्याकडे पाहिलं, आणि वच्छलाबाईनं नजर काढून सुपातल्या तांदळात घातली.

"एक बी नाही," सुगराबी म्हणाली.

मनकर्णाबाईनं मान हलवली आणि ती आत गेली. एवढंच. सुगराबीला वाटलं होतं की खोटं बोलल्यावर काहीतरी होईल, छप्पर पडेल, कोणी ओरडेल. कुठंतरी आत मुसळ चाललं होतं, ते तसंच चालू राहिलं.

मग नवरीचा चुडा भरायचा होता. विमल पाटावर बसली, हात पुढे केला. सुगराबीनं हजारो हात भरले होते, अंगठा आत दाबून बांगडी एका झटक्यात चढवायचं तिचं कसब गावात ठाऊक होतं. त्या दिवशी चौथी बांगडी तिच्या बोटांत कडकन मोडली. विमलच्या मनगटावर रक्ताचा एक ठिपका आला.

"वाढली, वाढली," बाया घाईनं म्हणाल्या. कोणीतरी हळद लावली. विमल हसली आणि म्हणाली, "चाची, आज तुमीच घाबरल्या, मी नाही घाबरली."

सुगराबीच्या मनात होतं की लग्न झालं की तोरण उतरवायचं, घरी न्यायचं आणि सगळीच हिरवी काच वितळवून टाकायची. पण विमलला ते तोरण इतकं आवडलं होतं की तिनं जाताना बापाकडे तेच मागितलं. भगवानरावांनी पेंढ्यात बांधून ते दमणीत ठेवायला लावलं. सुगराबी पुढे झाली, "रस्त्यानं फुटन पाटील, मागून धाडतो," असं म्हणाली. "फुटलं तं तू हायेच जोडाले," असं म्हणून त्यांनी बैल हाकायला सांगितले. तोरण विमलच्या सासरी, वडनेर भोलजीला गेलं.

त्यानंतर दर बाजाराला वाहेद वडनेरहून आला की ती विचारायची, "विमल दिसली का?" पहिल्या बाजाराला दिसली होती, बरी होती. दुसऱ्या बाजाराला तिच्या नवऱ्यानं, इंद्रभाननं, मुद्दाम थांबवून चहा पाजला होता. दीड-दोन महिने असेच गेले. मग एका बाजाराहून वाहेद आला आणि खोगीर उतरवायच्या आधीच म्हणाला, "पाटलाची पोरगी तापानं पडली हाये. नवा दिवस हाये. वैद्य म्हणते मुदतीचा हाये."

मुदतीचा ताप म्हणजे एकवीस दिवस. एकवीस दिवसांनी उतरतो किंवा माणूस घेऊन जातो.

सुगराबीनं बुरखा घेतला. "मले आत्ताच घेऊन चला."

"तट्टू थकलं हाये. अन् तू जाऊन काय करशीन? तू काय डागदरीन हाये?"

"चला म्हणते ना."

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका बैलगाडीत जागा मिळाली. वाटभर ती गवताच्या काड्या खुडत होती, त्यांच्या वेण्या घालत होती आणि टाकून देत होती. वाहेदनं दोनदा विचारलं काय झालं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

वडनेरला विमलच्या सासरचं घर रस्त्यालगत होतं. दुपारची वेळ, माणसं शेतात. ओसरीवर कोणी नव्हतं. आतल्या खोलीत विमल पडलेली होती आणि तिच्या खोलीच्या दारावरच ते तोरण पदरावर पदर घालून लावलेलं होतं. चैताचा वारा सुटला होता. काच सारखी किणकिणत होती.

सुगराबीनं आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यात एक रिकामा डबा होता, तो तिनं पालथा घातला, त्यावर चढली आणि खिळ्याची गाठ सोडू लागली. गाठ सुटेना. तिनं दातानं ओढली तेव्हा एका टोकाची सुटली.

"काय करून राह्यली तू?"

वच्छलाबाई दारात होती. ती लेकीच्या शुश्रूषेला आठ दिवसांपासून तिथंच राहिली होती. डोळे खोल गेले होते, लुगडं चुरगळलेलं होतं.

सुगराबी डब्यावरून खाली उतरली नाही. तिथूनच बोलली, कारण खाली उतरल्यावर बोलता आलं नसतं. "पाटलीनबाई, मी खोटं बोलली. यात हातातली काच हाये. कोकिळाची. सात तुकडे. तिनं देले अन् मी घातले. तिचा दोष नाही, ती लेकरू हाये. मले नाही म्हणता आलं असतं. मले हे काढू द्या, मी याले इहिरीत टाकतो, तुमच्या पोरीचा ताप उतरन."

वच्छलाबाई उंबऱ्यावर बसली.

"मले ठाव हाये," ती म्हणाली.

"काय ठाव हाये?"

"कोकिळानं मले त्याच दिवशी सांगतलं. सांजच्याले. पडवीत फडकं रिकामं दिसलं, तवा रडली अन् सांगतलं."

सुगराबीच्या हातातली दोरी तशीच राहिली. "तुमाले ठाव होतं? आत्याबाईनं मले इचारलं तवा?"

"तवा बी ठाव होतं."

"अन् तुमी सुपात पाहात राह्यल्या!"

"मंग काय करू? बोलली असती तं थे तोरण उतरलं असतं." वच्छलाबाईचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "माया राम गेला तवापासून त्याचं नाव घेतलं का सारे चूप होतात. लगनात त्याचं नाव घेऊ नका म्हणत. अवलक्षण हाये म्हणत. त्याची एक वस्तू मांडवात नव्हती सुगराबी. टोपी नव्हती, पायतन नव्हतं. कोकिळानं सांगतलं तं मले वाटलं, असू दे. तोरणात तरी असू दे."

सुगराबी डब्यावरून उतरली. वच्छलाबाईला वाटलं ती जवळ येऊन बसेल. पण ती उभीच राहिली.

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं तं तुया तोंडावर दिसलं असतं. आत्याबाईनं ओळखलं असतं."

"माया तोंडावर!" सुगराबी ओरडली, मग आजारी माणूस आहे म्हणून आवाज दाबला. "दोन महिने मी घरात चूल फिरवून राह्यली. पोरीच्या हातात बांगडी मोडली तं मी म्हटलं माया खोट्यानं मोडली. ताप आला तं म्हटलं माया खोट्यानं आला. अन् तुमी दोघी सासू-सुना मिळून... मी तुमची कोन होती? फुंकणी?"

वच्छलाबाई पदर तोंडाला लावून रडू लागली. सुगराबीलाही रडू येत होतं पण राग जास्त होता, त्यामुळे ते येईना. दोघींच्या मधे तोरण एका बाजूनं सुटून लोंबकळत होतं आणि वाऱ्यानं भिंतीवर आपटत होतं.

तेवढ्यात आतून विमलचा आवाज आला, बारीक, चिडलेला.

"आई, थे काढाच बाप्पा. आठ दिवस झाले सांगून राह्यली. डोकं फुटते मायं त्या आवाजानं."

वच्छलाबाईनं डोळे पुसले आणि डबा दोन्ही हातांनी धरला. सुगराबी पुन्हा चढली. तोरण उतरवताना दोन साखळ्या तुटल्या, काच ओट्यावर सांडली, आणि दोघींनी बसून ती वेचली.

सुगराबी बारा दिवस वडनेरला राहिली. वाहेदच्या ओळखीचं एक मणियाराचं घर होतं तिथं. तिला विमलच्या खोलीत काम नव्हतं, आणि काम नसलं की तिला राहता येत नसे. तिनं वच्छलाबाईच्या पेटीतलं जुनं विटकं लुगडं मागून घेतलं, चौपदरी शिवलं, बांबूला लावलं आणि आढ्याला टांगून दोरी उंबऱ्याबाहेर काढली. पंखा अजिबात वाजत नव्हता. ज्याला वेळ असेल त्यानं ओसरीवर बसून दोरी ओढायची. सुगराबीनं सगळ्यांत जास्त ओढली. वच्छलाबाई तिच्या शेजारी येऊन बसायची, पण दोघी फक्त पेज किती घेतली आणि घाम आला का, एवढंच बोलायच्या.

ताप बाविसाव्या दिवशी उतरला. विमलचे केस सगळे गळले, आणि उठून बसल्यावर तिनं आधी आरसा मागितला आणि मग परत दिला. पण ती जगली. वैद्य म्हणाला पेजेनं वाचली, मनकर्णाबाईनं नवस फेडला, वाहेद म्हणाला पंख्यानं.

गावी आल्यावर ती पाटलांच्या घरी गेली नाही. अक्षय तृतीया गेली, आषाढ गेला. पाटलांकडच्या बायांना वाहेद ओट्यावरून बांगड्या दाखवायचा आणि त्या आपल्या आपण भरायच्या. वच्छलाबाईनं दोनदा निरोप धाडला. सुगराबी म्हणाली, वेळ नाही. खरं म्हणजे तिच्याकडे वेळ होता. त्या उन्हाळ्यात तिनं काचेला हात लावला नाही. नळी धरली की तोंड कोरडं पडायचं. त्याऐवजी तिनं पत्रा कापला, चिंध्यांची दोरी वळली, पण काही पुरं होत नव्हतं. अर्धवट गोष्टी घरभर पडल्या होत्या.

श्रावणात नागपंचमीच्या आधी बांगड्या भरायचे दिवस आले. त्या धांदलीत एका दुपारी कोकिळा स्वतः मशिदीमागच्या गल्लीत आली. सोबत पाटलांची गडीण होती, तिला तिनं दाराबाहेर बसवलं. हातात टोपली होती. टोपलीत जुन्या लुगड्यांचे काठ, झिजलेली धोतरं, एका फाटक्या शालीचं अर्धं अंग.

"हे आत्यानं धाडलं का?" सुगराबीनं विचारलं. आत्या म्हणजे सासू, वच्छलाबाई.

"नाही. मीच मांगलं. त्यायनं देलं." कोकिळा उभीच होती. "चाची, मले शिकवा. काच नाही. काचेची मले भीती वाटते. कपड्याचं शिकवा. मी दिवसभर नुसती बसून राह्यतो. हात नुसते..." तिनं दोन्ही तळवे उघडून दाखवले. मनगटं मोकळी होती.

सुगराबीनं टोपली ओढून घेतली, काठ एकेक करून उलगडले, उजेडात धरले, विरलेले बाजूला काढले.

"तुमाले माया राग आला असन," कोकिळा म्हणाली.

"आला होता."

"अजून हाये?"

"हाये थोडा. तिकडं डब्यात सुया हायेत, जाड नाक्याची काढ."

कोकिळा रोज येऊ लागली. तिचा टाका पहिल्या महिन्यातच सुगराबीहून बारीक पडायला लागला, आणि सुगराबी ते तिच्या तोंडावर कधी बोलली नाही, वाहेदजवळ मात्र दोनदा बोलली. पोळ्याला पाटलांच्या बैलांच्या झुली त्या दोघींनी जुन्या शालीतून काढल्या. भगवानरावांनी बैलांवर हात फिरवला आणि विचारलं झुली कुठून आणल्या. वच्छलाबाईनं सांगितलं, घरातच झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात गावात पाच लग्नं झाली आणि पाचही मांडवांना कापडाची झालर लागली, लाल काठावर पांढऱ्या धोतराचे त्रिकोण. ती वाहेद नेऊन द्यायचा. मणियाराच्या घरून आली एवढंच लोकांना ठाऊक होतं. शिवणारे हात कोणाचे, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. मनकर्णाबाई एकदा झालरीचं टोक बोटांत धरून बराच वेळ बघत बसली होती म्हणतात.

वच्छलाबाई आणि सुगराबीचं बोलणं हळूहळू सुरू झालं, पण आधीसारखं नाही. सुगराबी त्यांच्याकडे बांगड्या भरायला जायची, वच्छलाबाई हात पुढे करायची, आणि कधीकधी मधेच रामरावची एखादी गोष्ट सांगायची, तो लहानपणी कसा विहिरीच्या काठावर चालायचा, त्याला वांगं कसं आवडत नसे. दुसऱ्या कोणाजवळ ती हे बोलत नसे. सुगराबी ऐकायची, बांगडी चढवायची, आणि काम झालं की लगेच उठायची. बस म्हटलं तरी बसायची नाही. घरी पोचेपर्यंत वाटेत जे काही पडलेलं दिसे, पत्र्याचा तुकडा, बैलगाडीच्या धावेची पट्टी, कोणाच्या तुटक्या माळेचा मणी, ते ती उचलून पदरात घ्यायची, आणि हे कोणाचं असेल म्हणून आजूबाजूच्या दोन-तीन घरी विचारून यायची.